दोघींचे भुंडे हात

ये, अशी जवळ सरक. आधी डोळे पूस, मंग वाच. काल फोनवर तू इतका बारीक आवाज काढलास, की मला वाटलं घरात चोर शिरलाय अन् तू कपाटामागून बोलून राह्यलीस. "मावशी, लेकीला ॲडमिट केलंय... त्या... तसल्या दवाखान्यात." तसल्या म्हणजे कसल्या गं? तोंडानं म्हणायला काय होतं? अन् गल्लीत सांगून बसलीस की लेक पुण्याला कोर्स करायला गेली. उद्या ती बरी होऊन आली अन् शेजारणींनी विचारलं, कशाचा कोर्स केला, तवा काय सांगशील? केक बनवायचा? करून दाखव म्हणल्या तर?

मी रागवत न्हाई. म्हणजे रागवतेय, पण थोडीच. तू सगळ्यात जास्त कशाला रडलीस ते माझ्या बराबर ध्यानात राह्यलं. "नर्सनं पोरीच्या बांगड्या काढल्या गं मावशी. लग्नातला चुडा. तिचे भुंडे हात बघवंनात." तिथं जी रडायला लागलीस ती फोन ठेवूस्तोवर. आता फोनवर तू रडायचं अन् मी बोलायचं, म्हणजे ऐकायला कोणीच उरत न्हाई. म्हणून लिहून राह्यले. माझी अक्षरं पोराच्या पहिलीच्या पुस्तकावर त्याच्याच शेजारी बसून शिकलेली आहेत, वाकडी दिसतील. लावून घे.

माझ्या सुनेचं तुला वरवर ठाऊक आहे. जालन्याला दवाखान्यात होती, आता चांगली आहे, एवढंच. आतलं मी कुणाला सांगितलं न्हाई. काल तिला विचारलं, तुझं लिहू का? म्हणाली, "लिहा आई. खुशाल लिहा. फक्त मी पुढं गोळ्यांनी जाड झाले ते नका लिहू." तर ते मी लिहिलेलं न्हाई अन् तू वाचलेलं न्हाई.

आमच्या घरातली तिची ती दुसरी दिवाळी. पोरगी हसरी, बारावी शिकलेली, मोसंबीच्या बागेत माझ्या बरोबरीनं राबणारी. दिवाळी झाली, कापसाची वेचणी सुरू झाली, अन् तिची झोप गेली. झोप गेली म्हणून माणूस थकतं. हिच्या अंगात उलटं बळ आलं. मी उठायच्या आत अंगण झाडलेलं, सारवलेलं, अन् सारवलेलं परत झाडून राह्यलेली. बोलायला लागली की श्वास घ्यायची न्हाई. एक दिवस मी तीर्थपुरीच्या बाजारातून आले तर चुलीपुढं भाकरींची चळत ही एवढी, ती बसली होती तर तिच्या डोक्याच्या वर. पिठाचा डबा खडखडीत.

"हे काय गं?"

"सगळ्या गावाला जेवायला सांगितलंय आई. शाळेतल्या लेकरांना बी. गुरांना बी."

अन् खरंच गल्लीतली माणसं येऊन भाकरी घेऊन चालली होती. हसत होती, खात होती. आमचे मालक म्हणाले, "दानशूर सून मिळाली आपल्याला, आता आपण बी तिच्याच दारात रांगेत उभं राहायचं." आम्ही बी हसलो. तवा ते हसण्यासारखंच वाटलं.

मंग एकाएकी वीज जावी तसं ते सगळं थांबलं. भिंतीकडं तोंड करून पडली. खाईना, बोलेना, केसाला हात लावू देईना. एकदा दुपारी विहिरीच्या काठाला जाऊन नुसती उभी राहिली. पोरानं हाताला धरून घरी आणली. त्या दिवसापासून आमच्या घरात भाकरीची गंमत कुणी सांगितली न्हाई.

अन् मंग आल्या आमच्या वन्सं. वन्सं म्हणजे मालकांच्या थोरल्या बहीण, आष्टीला दिलेल्या. मनानं वाईट न्हाईत, पण आवाज असा की बोलतात घरात अन् ऐकू जातं शिवारात. भावावर अन् भाच्यावर जीव इतका की त्या जिवापायी दुसऱ्याचा जीव दिसत न्हाई. सुनेकडं जरा वेळ बघितलं, बाहेर येऊन बसल्या अन् म्हणाल्या, "वहिनी, पोरगी मुळातच येडी हाय. माहेरच्यांनी झाकून तुमच्या गळ्यात घातली. बापाच्या घरी नेऊन घाला, फारकती घ्या, मोकळे व्हा. माझ्या भाच्याच्या जन्माचं वाटोळं व्हायला नको."

"वन्सं, हिला टायफॉइड झाला असता तर बापाच्या घरी घातली असती का?"

"टायफॉइडला दवा हाय."

"मंग ह्याला बी असंल. बघून तर येते."

"येड्याच्या दवाखान्यात नेणार? घराचं नाव काय ऱ्हाईल?"

"जे हाय तेच ऱ्हाईल."

माझा पोरगा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. हो म्हणेना, न्हाई म्हणेना. आत ती पडलेली होती. पडदा काय तो मधी, कान थोडेच बंद होते तिचे? तिनं सगळं ऐकलं होतं. हे मला लई नंतर कळलं. ती म्हणाली, "आई, मला बोलता येत नव्हतं तवा सगळे माझ्यासमोर असं बोलायचे, जसं मी घरात न्हाईच."

दुसऱ्या दिवशी मी, पोरगा अन् सून असे तिघं निघालो. आधी जांबला गेलो, समर्थांच्या मंदिरात नारळ फोडला. हात जोडून म्हणले, महाराज, तुम्ही तुमच्या परीनं बघा, मी डॉक्टरकडं घेऊन चालले. तिथून जालना.

दवाखान्यात आधी खालच्या खोलीत तपासलं. डॉक्टरीणबाई माझ्या सुनेहून चार-दोन वर्षांनीच मोठी असंल. तिनं भाकरीचं विचारलं, झोपेचं विचारलं, विहिरीचं बी विचारलं. मंग म्हणाली, मनाचा आजार आहे, कधी माणसाला खूप वर नेतो, कधी खूप खाली. औषध आहे. पण काही आठवडे इथं ठेवावं लागंल, सोबतीला घरची बाई राहू शकते. मी म्हणले, घरची बाई तुमच्यासमोर बसली आहे, पिशवी घेऊनच आली आहे.

वॉर्डाला जाळीचं दार. आत बायका. दारातच सिस्टरनं आम्हाला बसवलं. पिना काढल्या, जोडवी काढली, मणिमंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं. तोवर सुनेनं हू का चू केलं न्हाई, बाहुलीसारखी बसलेली. मंग सिस्टर साबणाचं पाणी घेऊन आली अन् तिचा हात हातात घेतला. हिरवा चुडा, लग्नातला. तशी तिनं मूठ आवळली. कितीतरी दिवसांनी तोंड उघडलं. माझ्याकडं बघून म्हणाली,

"आई, ते आहेत ना?"

मला आधी समजलंच न्हाई. मंग समजलं. तिचा नवरा गं. आपल्यात बाईच्या हातातल्या बांगड्या दुसरं कोणी कवा उतरवतं? तेवढ्या एकाच वेळी. त्या आजारी डोक्यात तेवढं मात्र शाबूत होतं. तिला वाटलं, हा गेला अन् मला कुणी सांगून न्हाई राह्यलं.

"अगं, तो बघ की जाळीपलीकडं! मोसंबी सोलून राह्यलाय." पोरानं तिकडून मोसंबीचा हात वर केला. पण तिचा इश्वास बसेना. डोळे नुसते सिस्टरच्या हातावर.

सिस्टर बिचारी समजावून सांगत होती, "काच आहे ना मावशी. इथं कोणाच्याच हातात काच ठेवत नाही. कोणी स्वतःला लावून घेतलं तर?"

मी म्हणले, "बराबर हाय तुमचं. आण ते पाणी इकडं. आधी माझ्या काढ."

"तुम्ही पेशंट नाही मावशी. तुमच्या राहू द्या."

"माझ्या बी काचेच्याच हायत. काढ म्हणते ना."

लग्न झाल्यापासून माझे हात कधी रिकामे न्हाई राह्यले. एक वाढली की दुसरी आधी चढायची. आता हाडं जाड झालेली, पंजा रुंद. साबण लावला तरी निघंनात. सिस्टर दाबून राह्यली, मी ओढून राह्यले, माझं तोंड वाकडं झालेलं. एक एक करून निघाल्या. एक बी वाढवू दिली न्हाई. मंग ते दोन्ही हात सुनेपुढं धरले. म्हणले, "बघ. भुंडे हायत का न्हाई? आता सांग, तुझा सासरा मेला का? घरी भाकरी करपवत बसला असंल बाबा. काढ तुझ्या बी."

तिनं माझे हात उलटसुलट करून बघितले. मनगटावर बांगड्यांनी पांढरा पट्टा पडला होता, त्यावरून बोट फिरवलं. अन् मूठ सोडली.

दोघींच्या बांगड्या मी एकाच रुमालात बांधल्या अन् पोराजवळ घरी धाडल्या. तिथंच ठरवलं, भरायच्या तर दोघींनी एकदमच भरायच्या.

आता तो वॉर्ड तुला सांगते, कारण तुला वाटतं तिथं सगळ्या साखळीनं बांधलेल्या असतात. कॉटा, चादरी, खिडक्या. सकाळी चहा, मंग गोळ्या. गोळी गिळली का बघायला सिस्टर म्हणायची, "जीभ दाखवा." ओळीनं सगळ्या जीभ दाखवायच्या. माझ्यापाशी आली की मी बी दाखवायची. ती म्हणायची, "मावशी, तुमची कशाला?" मी म्हणायची, "बघून घे, आमच्याकडं फुकट हाय." हात सगळ्यांचेच भुंडे. कोण सवाशीण, कोण विधवा, कुणाला नवऱ्यानं टाकलंय, कुणाचं लग्नच व्हायचंय, हातावरून काही कळायचं न्हाई. बाहेर आपण बाईच्या तोंडाआधी हात बघतो. तिथं नाइलाजानं तोंड बघावं लागायचं. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू?

बाजूच्या कॉटावर एक मास्तरीण होती, परतूरकडची. भीमजयंतीला भाषण करणारी बाई, बोलायला फटकळ. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "तुम्हाला काय होतं मावशी?"

"मला काय न्हाई बाई. मी सोबतीला हाय."

"असू द्या. इथं आल्यावर पहिल्या दिवशी सगळ्या असंच म्हणतात."

मी हबकले. "अगं खरंच मला काय न्हाई!"

"हां, हे बी म्हणतात. दुसऱ्या दिवशी."

अन् पाठीमागून आवाज आला. बारीक, घशात अडकल्यासारखा. वळून बघते तर माझी सून. भिंतीकडचं तोंड इकडं वळलं होतं अन् हसून राह्यली होती. माझ्यावर हसली, तर हसू दे. मी मास्तरणीला म्हणले, "बाई, तू माझी रोज अशीच इज्जत काढ."

असं हळूहळू चाललं होतं. वरणभात खायला लागली. एक दिवस आपण होऊन म्हणाली, "आई, केस विंचरा." मंग वन्संचा लेक आला.

तो जालन्यातच नोकरीला. पोरगा हळवा, लहानपणी कोंबडी कापली तरी जेवायचा न्हाई. आईकडून कळलं म्हणून भेटायला आला. मी नुकतीच अंघोळ करून उभी, कपाळ धुतलेलं, कुंकू अजून लावायचं होतं. गळ्यावर पदर. शेजारी सून, तिचा गळा रिकामा, कपाळ रिकामं. मी जाळीतून दोन्ही हात बाहेर घालून त्याच्या हातातली केळी घेतली. त्यानं माझे हात बघितले. मंग तिचे बघितले. मंग परत माझे. त्याचा चेहरा असा झाला की मी म्हणले, "काय रे, बरं न्हाई का?" तर त्याला हुंदका आला, रुमाल तोंडाला लावला अन् गेला. मी सुनेला म्हणले, "बघ, भावासारखा दीर हाय, तुझ्यासाठी किती रडला."

तो बाहेर जाऊन आईला फोनवर काय म्हणाला माहीत आहे? "आई, मामा गेला. दादा बी गेला. दोघं एकाच गाडीवर असतील. मामी अन् वहिनी दोघींचे हात मी डोळ्यांनी बघितले."

पुढचं मी बघितलेलं न्हाई, पण मालकांनी ते इतक्यांदा सांगितलंय की मला बघितल्यासारखंच आहे. वन्संनी मालकांचा फोन लावला तर बंद, कारण गावात लाइट नव्हती. माझा पोरगा बागेत, फोन घरी. फोन कोणी उचलंना म्हणजे खरंच झालं. आष्टीहून जीप भरून निघाले. वेशीपासूनच वन्संनी गळा काढला. गावातल्या बाया बाहेर आल्या, "काय झालं अक्का?" "माझा भाऊ गेला गं! माझा भाचा गेला!" आता त्या बायांनी मालकांना घडीभरापूर्वी हापशावर बघितलेलं. तरी बी त्या रडत मागं निघाल्या. म्हणाल्या, माणसाचं काय सांगावं, हापशावरून घरी जाईस्तोवर बी जातं.

मालक ओट्यावर बसलेले. पुढं करपलेली भाकरी, ठेचा अन् कांदा. समोरून अख्खं गाव रडत येताना बघून त्यांना वाटलं, आष्टीला कोणीतरी गेलं. घास तसाच ठेवून उठले, "कोण गेलं गं अक्का?"

वन्संनी बघितलं. मटकन खालीच बसल्या. मंग उठून दोन्ही हातांनी पाठीत बडवायला लागल्या, "जिता हाय व्हय रे! जिता हाय अन् फोन बंद ठेवतोस!"

"आता तुला दिसतोय तर फोन कशाला पायजे?"

तोवर माझा पोरगा बागेतून आला, तर चार बाया त्याच्या गळ्यात. त्याला काही कळंना. हसून हसून गावाचं पोट दुखलं म्हणे. फक्त वन्सं हसल्या न्हाईत. त्यांना हळूहळू उमगलं, की त्यांच्या लेकानं बघितलं ते खरंच बघितलं होतं. भाऊ जिता असताना वहिनीनं बांगड्या उतरवल्या. कुणापायी? त्या पोरीपायी.

दुसऱ्या दिवशी दुपारी भेटायच्या वेळेला वन्सं दवाखान्यात हजर. मागं मालक, त्यांच्यामागं माझा पोरगा. वन्संच्या हातात कागदात गुंडाळलेल्या नव्या हिरव्या बांगड्या. सिस्टरनं सांगितलं, काच आत चालत न्हाई. म्हणून त्या जाळीबाहेरच उभ्या राह्यल्या. दोन्ही हातांनी जाळी धरलेली, अन् त्या बोलायला लागल्या की हातातला चुडा जाळीवर वाजायचा.

"वहिनी, माझ्या भावाचं मरण चिंतलंस तू. बाहेर ये, आत्ताच्या आत्ता ह्या भर. अन् आज सगळ्यांसमोर सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे. ही पोरगी इथून सरळ बापाच्या घरी जाईल. आपल्या घरात हिनं पाय टाकला तर माझं माहेर मला मेलं."

मी मालकांकडं बघितलं. मालक म्हणाले, "अक्का, माझा जीव हिच्या बांगड्यांत असता तर मी बीपीची गोळी कशाला खाल्ली असती? कडू लागती ती."

"तू गप रे. तुला काय कळतं?"

"आता मेलेल्या माणसाला काय कळणार." असं म्हणून ते बाकावर जाऊन बसले. पण पोरगा उभाच. मान खाली. घरी चौकटीला टेकला होता तसाच, फक्त चौकट नव्हती.

मी बोलणार होते. माझ्या तोंडाशी लई आलं होतं. पण माझ्या आधी पाठीमागं कॉट वाजली. सून उठली. चालत जाळीपाशी आली. गोळ्यांनी पाऊल जड पडायचं तवा, तरी सरळ आली. वन्संच्या तोंडासमोर उभी राहिली अन् म्हणाली,

"मेलं कुणीच न्हाई, आत्याबाई. मी बी न्हाई."

वन्संचे हात जाळीवर होते तिथंच राह्यले. वाजायचे थांबले.

मंग ती नवऱ्याकडं वळली. "तुम्ही सांगा. मी घरी यायचं का बापाकडं जायचं? मागून फोनवर नका सांगू. इथं सांगा, आत्याबाईंसमोर."

माझ्या पोटच्या पोराला मी ओळखते. लहानपणापासून आत्याच्या आवाजाला भिऊन आहे. त्यानं आत्याकडं बघितलं, बापाकडं बघितलं. बाप मुद्दाम छताकडं बघून राह्यला होता. मंग हळूच म्हणाला, "घरीच यायचं."

"ऐकू न्हाई आलं," मास्तरीण मागून म्हणाली. शाळेत म्हणत असंल तसंच.

"घरी यायचं!" तो ओरडलाच. "न्यायला मीच येणार हाय."

वन्संनी बांगड्यांचा कागद बाकावर ठेवला, मालकांच्या शेजारी, अन् गेल्या. मी हाक मारली, "वन्सं, चहा तरी..." थांबल्या न्हाईत. त्या बांगड्या मी जपून ठेवल्यात. आमच्या दोघींच्या जुन्या बांगड्यांच्याच रुमालात.

सुट्टी झाली त्या दिवशी डॉक्टरीणबाईनं दहादा बजावलं, बरं वाटलं तरी गोळी थांबवायची न्हाई. पोरगा न्यायला आला, शब्द पाळला. मी म्हणले, घरी जायच्या आधी तीर्थपुरीला उतरायचं. बाजाराचा दिवस आहे.

बाजारात मनियारीण चाची बसते, तुझ्या लग्नातला चुडा तिच्याच हातचा. आमचे चार भुंडे हात बघून आजूबाजूच्या बाया थबकल्या. एकीनं तर पोराकडं अन् माझ्याकडं आळीपाळीनं बघितलं. चाची म्हणाली, "अरे, कहाँ थे इत्ते दिन?"

मी काहीतरी गोलमाल सांगणार होते, बाहेर गेल्तो वगैरे. सवय असते आपल्याला. पण सूनच बोलली, सगळ्यांच्या समोर, चांगली खणखणीत. "दवाखान्यात व्हते चाची. डोक्याच्या."

बाजार थांबतो का? न्हाई थांबत. पण आमच्या भोवतीचा तेवढा थांबला. चाचीनं तिचा हात ओढून घेतला, पंजा दाबून बघितला अन् तोंड वाकडं केलं. "दुबली हो गई रे. पुराना नाप नै चलता अब. खाना नै देते क्या वहाँ? बोल, कौनसा रंग?"

मी म्हणले, "हिरव्याच भर."

"न्हाई आई," सून म्हणाली. "जांभळ्या. काळ्याकडं झुकणाऱ्या जांभळ्या. मला पयल्यापासून आवडतात."

मंग मी बी जांभळ्याच भरल्या. चाची म्हणाली, "सास को भी फॅशन आया." गावात शिरलो तर बायांनी आधी आमचे हात बघितले, अन् जांभळा रंग बघून मंग आमची तोंडं बघितली.

पुढं सगळं गोड झालं असं समजू नको. संक्रांतीला हळदी-कुंकवाची बोलावणी आली ती माझ्या एकटीला. "सुनंला ऱ्हाऊ द्या, तिला आराम पडंल." मी म्हणले, मंग मला बी आरामच पडू द्या. आम्ही आमच्याच घरी मांडलं. सून स्वतः कुंकवाचा करंडा घेऊन दारोदार सांगून आली. काही आल्या, काही न्हाई आल्या. परतूरची मास्तरीण मात्र नवऱ्याच्या गाडीवर बसून आली, हातभर बांगड्या घालून. हळदी-कुंकू आमच्यात नसतं, तिळगूळ खायला आलेय म्हणाली, अन् अख्खा डबा खाल्ला. ज्या बाया आल्या न्हाईत, त्यातली एक आठ दिवसांनी मागच्या दारानं आली. इकडचं तिकडचं बोलली, मंग म्हणाली, "माझ्या लेकाला झोप येत न्हाई लई दिस झाले. त्या दवाखान्यात कोणत्या वारी जावं लागतं?" सुनेनं वार सांगितला, संगं जायला बी तयार झाली. वर म्हणाली, "काकू, पुढल्या वेळी पुढच्या दारानं या. मागं घसरडं हाय."

वन्सं अजून येत न्हाईत. मालक जाऊन भेटून येतात. मी निरोप धाडते, दार उघडं आहे. पण सुनेला मागं सारून ते दार उघडणार न्हाई, हे बी धाडते.

अन् आजार? तो परत येऊन गेला एकदा, तुझ्याशी खोटं बोलणार न्हाई. मागच्या सालची गोष्ट. एक दिवस पहाटे उठून बघते तर ती ओट्यावर बसून साबणाच्या पाण्यात हात बुडवून राह्यली. एक एक जांभळी बांगडी काढली, रुमालात बांधली, माझ्या हातात दिली. "आई, झोप जाऊन राह्यली परत. भाकरीची चळत व्हायच्या आधी चला." मी काय केलं असंल सांग बरं? तिच्या शेजारी बसले अन् त्याच पाण्यात माझे हात घातले. त्या खेपेला लवकर घरी आलो.

म्हणून तुला सांगून राह्यले. तुझ्या लेकीचे भुंडे हात बघून रडू नको. ती तुझ्या डोळ्यांत बघून विचारत असंल, माझं कोण गेलं? तिला दिसू दे की कुणीच गेलेलं न्हाई. साबण लाव, तुझ्या बी काढ, अन् जाऊन बस तिच्या कॉटावर. जावईबापूंना सांग, जाळीबाहेर नुसतं उभं राहू नका, मोठ्यानं बोला. अन् आधी शेजारणींना तो पुण्याचा कोर्स रद्द झाला म्हणून सांगून टाक.

सुट्टी झाली की घरी नंतर जा, आधी इकडं या दोघी. बाजाराचा दिवस धरून या, चाची अजून बसते. माझी सून स्टँडवर घ्यायला येईल, आत्ताच म्हणाली. कोणता रंग ते लेकीलाच ठरवू दे, तू मधी बोलू नको. भाकरी मी टाकते, मोजून टाकीन. लई वाट बघायला लावू नको बाई, लवकर ये.